एक क्रियापद : नागवणे

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



आजच्या बोलण्याचा विषय एक क्रियापद आहे. एवढ्याशा शब्दावर इतका वेळ काय बोलायचे, असे तुम्हाला वाटेल. पण काही शब्द असे असतात की त्यांचा एक धागा ओढला की सगळी वीण हातात येते. मी विणकराच्या घरातला. त्यामुळे धागा ओढून बघायची खोड मला जन्मापासून आहे, असे समजा.

इंग्रजीत ‘डिन्यूड’ असा एक शब्द आहे. आपल्याला तो बहुधा डोंगरांच्या बातमीत भेटतो. ‘डिन्यूडेड हिल्स’ म्हणजे उघडेबोडके डोंगर. कोशात पाहिले तर त्याचा अर्थ दिसतो : अंगावरचे आवरण काढून घेणे, उघडे पाडणे, विवस्त्र करणे. माणसाचे कपडे, झाडाची पाने, डोंगरावरचे जंगल, एखाद्याची मालमत्ता, एखाद्याचा अधिकार, जे जे अंगावर असते ते ते काढून घेतले की हे क्रियापद लागू पडते. लॅटिनमध्ये ‘नूदुस’ म्हणजे नग्न. त्याला ‘दे’ हा उपसर्ग लागला. हा उपसर्ग काढून घेण्याचा, आणि पुष्कळदा ‘पार’, ‘पुरते’ असा भाव आणतो. ‘देनूदारे’ म्हणजे पुरते उघडे करणे. पंधराव्या शतकाच्या सुमारास हा शब्द इंग्रजीत स्थिरावला.

आता गंमत अशी की, हा लॅटिन ‘नूदुस’ आपल्याला परका नाही. संस्कृतातला ‘नग्न’, इंग्रजीतला ‘नेकेड’, रशियनमधला ‘नगोय’ आणि लॅटिनचा ‘नूदुस’ ही सगळी एकाच जुन्या घरातली भावंडे. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यात केलेल्या भाषणात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे मूळ एक असावे, असे सांगितले होते. ती नातीगोती नंतरच्या पंडितांनी नीट लावली. ‘नग्न’ प्राकृतात ‘णग्ग’ झाला. त्यातून हिंदी-उर्दूचा ‘नंगा’ आला, मराठीचा ‘नागवा’ आणि ‘नागडा’ आला. नागा साधूंमधला ‘नागा’ही तोच. काही लोक त्याचा संबंध नाग या सापाशी लावतात. तसा तो नाही. पण सापाकडे आपण पुढे येणारच आहोत.

म्हणजे इंग्रजांचा ‘डिन्यूड’ आणि आपला ‘नागवणे’ हे शब्द अर्थाने जुळतात, आणि रक्ताच्या नात्यानेही जुळतात. दोन्हीकडे ‘नग्न’ या विशेषणापासून क्रियापद तयार झाले आहे. पण दोघांचे स्वभाव वेगळे घडले. इंग्रजी शब्द पंडितांच्या घरी वाढला. तो भूगर्भशास्त्रात गेला, अहवालात गेला. आपला ‘नागवणे’ बाजारात वाढला, सावकाराच्या ओसरीवर वाढला. आज कुणी म्हणाले, “त्याला भावाने पार नागवला,” तर अंगावरच्या कपड्यांचा विचार कुणाच्या मनात येत नाही. शेत गेले, घर गेले, बायकोच्या अंगावरचा मणी गेला, असेच आपण समजतो. ‘नागवण’ हे नामही आहे. कोर्टकचेरीची नागवण, लग्नाच्या खर्चाची नागवण. संतांच्या ओव्या-अभंगांतही हा शब्द भेटतो. तिथे मोहाने, लोभाने माणूस नागवला जातो.

या विषयावर बोलायला खानदेशासारखी दुसरी जागा नाही. मराठी क्रियापदांची मुळे शोधण्याचा मोठा उद्योग ज्यांनी केला, ते इतिहासाचार्य वि. का. राजवाडे अखेरच्या काळात धुळ्यात राहिले आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच वारले. त्यांच्या मागे १९२७ साली तिथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. राजवाड्यांनी जमवलेल्या धातूंचा कोश पुढे कृ. पां. कुलकर्णी यांनी संपादून प्रसिद्ध झाला. धातू म्हणजे क्रियापदाचे मूळ. एक माणूस एकेका क्रियापदाचे मूळ शोधत बसला होता, आणि ते काम आपल्या पांझरेच्या काठच्या गावाने सांभाळून ठेवले, याचा मला धुळेकर म्हणून अभिमान वाटतो.

आता आपल्या भाषेतल्या उघडेपणाच्या शब्दांकडे जरा बघू. मराठीत ते कितीतरी आहेत आणि प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. पाय उघडे असले तर अनवाणी. डोके उघडे असले तर बोडके. मनगट उघडे असले तर भुंडे. गळा उघडा असला तर ओका. तलवार म्यानाबाहेर आली तर नंगी. जमीन उघडी पडली तर उजाड, ओसाड, वैराण. यातला ‘वैराण’ फारसी ‘वीरान’वरून आला आहे. उर्दूत अनवाणी माणसाला ‘बरहना-पा’ म्हणतात, म्हणजे नंग्या पायांचा. यातले काही शब्द साधे आहेत, काही फार क्रूर आहेत. ‘बोडकी’ आणि ‘भुंडे हात’ हे शब्द आपण बायकांसाठी वापरले. नवरा मेला म्हणून केस काढले, बांगड्या फोडल्या, मणी तोडला. हे सगळे तिच्या अंगावरून काढले समाजाने, आणि नाव ठेवले तिला. जो नागवतो त्याच्यासाठी शब्द शोधावा लागतो. जी नागवली जाते तिच्यासाठी मात्र तो तयार असतो. भाषेची ही खोड लक्षात ठेवा. मी पुन्हा तिच्याकडे येणार आहे.

म्हणीही आहेत. ‘उघड्यापाशी नागडं गेलं आणि सारी रात्र हिवानं मेलं.’ गरिबाने गरिबाचा आसरा घ्यावा तर दोघेही कुडकुडतात. दुसरी आमच्या मोहल्ल्यातली, पण ती तुम्हीही वापरता : ‘नंगे से खुदा भी डरे.’ ज्याच्याजवळ गमावण्यासारखे काही उरले नाही, त्याला कोण काय करणार? एका म्हणीत नागडा माणूस थंडीने मरतो, दुसरीत त्याला देवही भितो. दोन्ही खऱ्या आहेत. सगळे काढून घेतलेला माणूस आधी गारठतो. गारठून मेला नाही, तर मग तो कुणाला ऐकत नाही.

याचा दाखला इतिहासात आहे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला. तो उठाव पुणे-नगर भागात पसरला. त्यांचा मुख्य राग माणसांवर नव्हता, कागदांवर होता. त्यांनी कर्जरोखे मागून घेतले आणि जाळले. ज्या कागदाने आपल्याला नागवले तो कागद त्यांनी शोधून काढला. त्यानंतर १८७९ साली सरकारला दक्षिणेतल्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. आपल्या खानदेशात त्याआधीच, १८५२ साली, जमीनमोजणीविरुद्ध सावदा, फैजपूर, एरंडोल या भागांत लोक उठले होते. मोजणीदाराची साखळी शेतात पडली की तिच्यामागून सारा येतो आणि साऱ्यामागून सावकार, ही लोकांच्या मनातली धास्ती होती.

आता माणसाकडून डोंगराकडे जाऊ. कारण हा शब्द आज सर्वांत जास्त डोंगरासाठीच वापरला जातो.

खानदेशचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा आणि अजिंठ्याचे डोंगर, मधून पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारी तापी. भूगर्भशास्त्रात ‘डिन्यूडेशन’ हा शब्द एकोणिसाव्या शतकात चार्ल्स लायेलसारख्या शास्त्रज्ञांनी रुळवला. ऊन, पाऊस, वारा आणि नदी मिळून जमिनीचा वरचा थर झिजवतात, वाहून नेतात आणि खालचा खडक उघडा पाडतात, ती ही क्रिया. पारिभाषिक मराठीत तिला अनाच्छादन असा जडशीळ शब्द आहे. ही क्रिया बघायला धुळ्यासारखी शाळा नाही. आपला सगळा मुलूख साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. त्या लाव्हाच्या थरांना भेगा पडल्या आणि त्या भेगांत नवा लाव्हा घुसून थिजला. पुढे आजूबाजूचा खडक झिजून गेला आणि ही थिजलेली पाती तेवढी उभी राहिली. धुळे, साक्री, नंदुरबार या भागात शेतांमधून कोसकोस जाणाऱ्या काळ्या दगडी भिंती दिसतात त्या याच. नवख्या माणसाला वाटावे, कुणा राजाने तट बांधून अर्धवट सोडला. तट कुणी बांधला नाही. भोवतालचे वस्त्र गेले म्हणून तो दिसू लागला. जगभरचे अभ्यासक या भिंती बघायला येतात.

आणि वाहून गेलेले कुठे गेले? ते आपल्या खाली आहे. चोपडा, यावल, रावेरची खोल गाळाची जमीन, जिच्यावर केळीच्या बागा उभ्या आहेत, ती डोंगरांच्या अंगावरूनच आली आहे. निसर्गाने डोंगर नागवले आणि दरीला नेसवले. त्यामुळे उघडे पडणे हे नेहमीच वाईट, असे मी म्हणणार नाही. पण त्या कामाला लाखो वर्षे लागली. निसर्ग एका हाताने सोडतो आणि दुसऱ्या हाताने विणत असतो. खडक झिजून माती होते, मातीत गवत येते, गवत माती धरून ठेवते.

चैत्रात सातपुड्यात गेलात तर तिथले साग, सालई, अंजन निष्पर्ण दिसतील. सगळा डोंगर उघडा दिसेल. पण तो नागवलेला नसतो. ती पानगळ आहे. पाणी कमी झाले की झाड स्वतःहून पाने सोडते, जीव मुळांत राखते, आणि पाऊस पडला की पुन्हा अंग भरते. साप कात टाकतो, तीही तशीच. ती त्याची वाढ आहे. मराठीत कात टाकणे म्हणजे नवे होणे. माणसातही असे स्वतःहून वस्त्र सोडणारे होऊन गेले. दिशा हेच वस्त्र मानणारे दिगंबर मुनी आहेत. औरंगजेबाच्या काळी दिल्लीत नंगा फिरणारा सरमद नावाचा सूफी कवी होता. त्याला १६६१ च्या सुमारास ठार करण्यात आले आणि आजही जामा मशिदीजवळ त्याच्या मजारीवर लोक जातात. हजला जाणारा प्रत्येक पुरुष आपले शिवलेले कपडे उतरवून दोन बिनशिवल्या चादरी अंगावर घेतो. तिथे व्यापारी आणि हमाल सारखेच दिसतात. स्कॉटलंडच्या कायद्यात तर ‘डिन्यूड’ला असाच एक अर्थ आहे. विश्वस्ताने काम संपल्यावर आपल्याकडची मालमत्ता रीतसर सोपवून मोकळे होणे, याला तिथे हेच क्रियापद वापरतात.

तेव्हा तीन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. झाड पाने गाळते, साप कात टाकतो, साधू वस्त्र सोडतो, हे एक. ऊन-पाऊस डोंगर झिजवतात, हे दुसरे. आणि कुणीतरी कुणाच्या तरी अंगावरचे ओढून घेतो, हे तिसरे. ‘नागवणे’ हे या तिसऱ्यासाठी आहे. दुर्योधनाच्या सभेत झाले ते हेच. दुरून पाहिले तर तिन्ही ठिकाणी उघडेपणच दिसते. फरक कळतो तो मृगाच्या पहिल्या पावसात. पानगळीच्या डोंगरावर पाणी मुरते. नागवलेल्या डोंगरावरून ते माती घेऊन पळते. ती माती नदीत जाते, धरणात जाते. तापीवरच्या हतनूर धरणात साठलेला गाळ ही आपल्या डोंगरांच्या अंगावरून गेलेल्या वस्त्राचीच पावती आहे.

हे वस्त्र कुणी ओढले? इथे भाषा आपल्याला फसवते. आपण म्हणतो, ‘डोंगर उजाड झाले.’ आमच्या अहिराणीत म्हणतात, ‘डोंगर उघडा पडी ग्या.’ जणू डोंगर आपला आपणच एके दिवशी उघडा पडला. ‘नागवणे’ हे क्रियापदही असे दुहेरी आहे. ‘सावकाराने त्याला नागवले’ असे म्हणता येते आणि नुसते ‘तो नागवला’ असेही म्हणता येते. पहिल्या वाक्यात चोर आहे. दुसऱ्या वाक्यातून चोर गुपचूप निघून गेला आहे.

हा फरक मी घरात शिकलो. माझ्या आजोबांचा धुळ्यात हातमाग होता. ते नऊवारी लुगडी विणत. गिरणीचे कापड आणि पॉवरलूम यांनी हातमागाचे दिवस भरत आणले होते, तशात सुताची उधारी वाढली आणि एका व्यापाऱ्याच्या देण्यापायी माग गेला. पुढे वडील दुसऱ्यांच्या पॉवरलूमवर कामाला लागले. दादी हे सांगताना नेहमी म्हणे, “हम नंगे हो गये.” आजोबा लगेच तिला अडवत. म्हणत, “हो गये नहीं, किये गये.” ते फार शिकलेले नव्हते. पण कर्मणी प्रयोग कुठे वापरायचा, हे त्यांना पक्के ठाऊक होते. विणकराला हे कळणारच. लुगडे विणायला कांडी भरावी लागते, ताणा लावावा लागतो, धोटा हजारो वेळा इकडून तिकडे जावा लागतो, तेव्हा कुठे कापडाचा हात-दोन हात पुढे सरकतो. ओढून फाडायला एक क्षण पुरतो. म्हणून ज्याने विणले आहे तो ‘फाटले’ म्हणत नाही, ‘कुणी फाडले’ असे विचारतो.

सातपुड्याच्या बाबतीत हाच प्रश्न विचारू. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला, तेव्हा इथे मोठी जंगले होती. १८६० नंतर मुंबईहून निघालेली रेल्वे खानदेशातून पुढे गेली, भुसावळ रेल्वेचे मोठे ठाणे झाले. रुळांखाली लाकडी स्लीपर लागत आणि ते जंगलातून येत. याच सुमारास, १८६१ ते १८६५ या काळात, अमेरिकेत यादवी युद्ध झाले. तिकडचा कापूस थांबला आणि इंग्लंडच्या गिरण्यांना इकडचा कापूस हवा झाला. भाव चढले. खानदेशात कापसाचा पेरा वाढला, झाडे-झुडपे काढून जमिनी नांगराखाली आल्या. बघा हं, दुसऱ्यांना नेसवण्यासाठी कापूस पिकवायचा म्हणून आपली जमीन उघडी झाली. आणि त्याच कापसाचे कापड होऊन परत आले, तेव्हा इथला विणकर उघडा पडला. लंकाशायरचा माणूस काही वाईट नव्हता. त्या यंत्राचा स्वभावच तसा होता.

मग सरकारला जंगलाची आठवण झाली. १८७८ चा वनकायदा आला. जंगल राखीव झाले, म्हणजे ते सरकारचे झाले. ज्यांची गुरे तिथे चरत होती, जे मोहाची फुले आणि डिंक आणत होते, ते एका रात्रीत चोर ठरले. महात्मा फुल्यांनी १८८३ साली पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये यावर कोरडा ओढला आहे. डोंगर-टेकड्या फॉरेस्टात घालून गरीब शेतकऱ्याच्या शेळ्यामेंढ्यांना चरायला जागा ठेवली नाही, अशी त्यांची तक्रार आहे. म्हणजे डोंगरावरचे झाड एकाने नेले, आणि डोंगरावरचा माणसाचा हक्क दुसऱ्याने नेला. दोन्हीला ‘नागवणे’ हाच शब्द लागतो.

स्वातंत्र्यानंतरही हे थांबले, असे म्हणता येणार नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला शहादा भागात, तेव्हा तो धुळे जिल्ह्यात होता, अंबरसिंग सुरतवंती यांच्यासारखे भिल्ल कार्यकर्ते आणि श्रमिक संघटना उभी राहिली. आदिवासींच्या जमिनी कर्जापायी आणि कागदांच्या हेराफेरीने दुसऱ्यांच्या नावे गेल्या होत्या. त्या परत मागण्यासाठी ही चळवळ होती. त्याच दशकात महाराष्ट्रात आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा झाला. त्या कायद्याच्या नावातच ‘जमीन परत करणे’ असे शब्द आहेत. सरकारी कागदावर हे क्रियापद फार कमी वेळा दिसते, म्हणून ते मला आवडते.

जंगल मात्र तुटतच राहिले. यावल अभयारण्य १९६९ साली जाहीर झाले. पण अभयारण्य या शब्दात अभय असले म्हणून झाडांना ते मिळतेच असे नाही. तिथेही झाडे पडली, अतिक्रमणे झाली. ‘जंगल साफ केले,’ असे आपण सहज बोलून जातो. ‘साफ’ हा अरबीतून आलेला किती निर्मळ शब्द! जणू तिथे घाण होती, ती काढली. लाकूड कुणाच्या ट्रकमधून गेले, कुणाच्या घराचे दरवाजे झाले, हे त्या शब्दात येत नाही. आणि बोट दाखवायची वेळ आली की ते बहुधा कुऱ्हाड हातात असलेल्या पावरा, भिल्ल किंवा तडवी माणसाकडे जाते. कुऱ्हाड त्याच्या हातात असेलही. पण सागाचा पलंग त्याच्या झोपडीत नसतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने तर प्रस्तावनेतच मान्य केले की, जंगलात राहणाऱ्यांवर इतिहासात अन्याय झाला आहे. तेवढे मान्य करायला सव्वाशे वर्षांहून अधिक काळ गेला.

श्रोतेहो, हे सगळे ऐकून मन खट्टू होईल. पण मला आणखी एका गावाबद्दल सांगायचे आहे. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात, गुजरातच्या सीमेजवळ बारीपाडा हा कोकणा आदिवासींचा पाडा आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथला डोंगर उघडा होता आणि पाण्यासाठी बायकांना वणवण करावी लागत होती. चैत्राम पवार हा गावातलाच शिकलेला तरुण. त्याने आणि गावाने मिळून नियम केले. झाड तोडायचे नाही, मोकाट चराई करायची नाही, पाळीपाळीने राखण करायची. उतारावर चर खणले, बांध घातले. आज सुमारे साडेचारशे हेक्टर जंगल त्या गावाने राखले आहे. विहिरींना पाणी आले, भात पिकू लागला. रानभाज्या इतक्या परतल्या की तिथे दरवर्षी वनभाज्यांची स्पर्धा भरते आणि गावच्या बायका आपापली भाजी मांडतात. २०२५ साली चैत्राम पवारांना पद्मश्री जाहीर झाली. धुळे तालुक्यातल्या लामकानी गावानेही चराई थांबवून आपल्या डोंगरावर गवत परत आणले आहे.

बारीपाड्यात काय झाले, हे व्याकरणाच्या भाषेत सांगतो. ‘डोंगर उघडा पडला’ असे म्हणत बसणाऱ्या गावाने एक दिवस वाक्याला कर्ता दिला. आपण. आपण राखू. आपण राखले तर राहील. शाळेत गुरुजी विचारत, ‘या वाक्यातला कर्ता कोण?’ आपण तो प्रश्न दोन मार्कांचा समजून सोडवला आणि विसरून गेलो. खरे तर तो आयुष्यभर विचारायचा प्रश्न आहे.

शेवटी एक भाषेचीच गोष्ट. मी ‘नागवणे’च्या उलट शब्द शोधत होतो. इंग्रजीत ‘डिन्यूड’ला सरळ विरुद्ध असा एक शब्द मला सापडला नाही. मराठीत मात्र एक सोडून कितीतरी आहेत. लुगडे नेसवतात. शाल पांघरतात. दागिने लेववतात. टोपी घालतात. पागोटे बांधतात. पदर ओढून घेतात. झोपलेल्या लेकराच्या अंगावर गोधडी सारखी करतात. काढून घेणाऱ्याला एक क्रियापद पुरते. घालणाऱ्याला मात्र अंगाच्या प्रत्येक भागासाठी वेगळे क्रियापद लागते, कारण त्याला त्या अंगाची माहिती असावी लागते. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. पण आसोद्याच्या आणि जळगावच्या मातीतल्या प्रत्येक झाडाचे, प्रत्येक कामाचे नेमके क्रियापद त्यांच्या तोंडी होते. बालकवी धरणगावचे, तेही याच मातीतले. त्यांच्या कवितेतली हिरवळ आपण पाठ केली. ती हिरवळ ज्या जमिनीवर होती तिची राखण मात्र पाठांतरात बसली नाही.

उद्या तुम्ही एस.टी.ने चोपड्याहून शिरपूरकडे जाल किंवा धुळ्याहून साक्रीला जाल, तेव्हा खिडकीतून डोंगर दिसतील. काही पानगळीने उघडे असतील, काही लाखो वर्षांच्या झिजेने, काही नागवलेले. बस पुढे जाईपर्यंत नीट पाहा आणि कोणता कोणत्या प्रकारचा, हे ओळखायचा प्रयत्न करा. शेजारच्या माणसाशी बोला. त्याला बहुधा माहीत असते, पूर्वी तिथे काय होते आणि ते कोणी नेले.